पत्र्यावर पाऊस वाजू लागला की

ताई, नमस्कार.
मी चिपळूणची, वय ४४. घराखालीच आमचं शिवणकामाचं दुकान आहे, तीन मशीन आहेत. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकान बुडालं. पाणी जिन्यात चढायला लागलं तेव्हा सासूबाई, मुलगी आणि मी शेजारच्यांच्या गच्चीवर गेलो. दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच होतो. दुकान पुन्हा उभं राहिलं, कर्जही बरंचसं फिटलं. पण तेव्हापासून रात्री पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, बोटांना मुंग्या येतात. चार-चारदा उठून जिना बघते. मोबाइलवर नदीचे मेसेज बघत बसते. आता तर मे महिना लागला की पोटात गोळा येतो. हे म्हणतात, इतकी वर्षं झाली, अजून काय तेच घेऊन बसलीस. स्वतः मात्र पावसाळाभर रोज रात्री तिन्ही मशीन उचलून वरच्या फळीवर ठेवतात.
मुलीने मोबाइलवर ध्यान लावून दिलं. डोळे मिटले की पाणीच दिसतं, उलट जास्त घाबरते. मैत्रिणीने अश्वगंधा चूर्ण दिलंय, अजून घेतलेलं नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे. झोपेच्या गोळ्या नकोत, सवय लागते म्हणतात. काही नैसर्गिक उपाय असेल तर सांगा.
– एक शिवणकाम करणारी

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मेच्या पहिल्या आठवड्यात हाती आलं, हे फार बरं झालं. मिरगाला अजून महिना आहे. कोकणात हे आगोटीचे दिवस. लाकूडफाटा, सुकी मासळी, कडधान्यं, पत्र्यांची डागडुजी, जे पावसात होणार नाही ते आत्ता उरकायचं. मी जे सांगणार आहे तेही आगोटीतलंच काम समजा. भर पावसाच्या रात्री छाती धडधडत असताना नवी गोष्ट शिकता येत नाही. त्या वेळी शरीर सवयीचं असेल तेवढंच करतं, आणि सवय कोरड्या दिवसांत लावावी लागते.

‘इतकी वर्षं झाली’ हे आधी बाजूला ठेवू. शरीराला वर्षं मोजता येत नाहीत. त्याला एवढंच ठाऊक आहे की पत्र्यावर असा आवाज झाला होता आणि मग पाणी जिन्यात आलं होतं. तो आवाज पुन्हा कानावर पडला की विचार करायला सवड मिळायच्या आतच मेंदू धोक्याची वर्दी देतो, हृदय वेगाने पळतं आणि पळण्या-लढण्यासाठी रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. हातपाय गार पडतात ते त्यामुळे. तुम्ही कमजोर आहात म्हणून हे होत नाही.

शिवाय, ‘काही होत नाही, घाबरू नका’ असंही मी म्हणणार नाही. वाशिष्ठी नदी गावात येते. २००५ ला आली, २०२१ ला आली. खोटा धीर दिला तर मन एक वेळ ऐकेल, शरीर ऐकणार नाही. तुमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. त्याला कुणी हाकलत नाही, त्याचा मान त्याला देतात. तुमच्या भीतीलाही मी राखणदारच म्हणेन. तिचा मान म्हणजे तयारी.

म्हणून श्वासाबिसाच्या आधी एक संध्याकाळ घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. कागदपत्रं, सासूबाईंची औषधं, टॉर्च, थोडे पैसे एका पिशवीत घालून पिशवी वर ठेवा. जिन्याची एक पायरी ठरवून तिच्यावर रंगाने खूण करा: पाणी इथे लागलं की वाद न घालता सासूबाईंना घेऊन गच्चीवर जायचं. शेजाऱ्यांनाही आत्ताच विचारून ठेवा. रेड अलर्टच्या रात्री पाळ्या लावा, दोनपर्यंत हे जागतील, पुढे तुम्ही. ज्याची पाळी नसेल त्याला झोपायची मुभा, हे घरात मोठ्याने बोलून ठरवा. तुम्ही चारदा उठता, कारण आपण नाही बघितलं तर कुणीच बघणार नाही असं वाटतं. कुणीतरी बघतंय हे पक्कं ठाऊक असेल तर अंगातला निम्मा ताठरपणा जातो.

मोबाइलचंही तसंच. कोयनेच्या वीजघरांचं पाणी कोळकेवाडी धरणातून वाशिष्ठीत येतं, त्यामुळे ‘पाणी सोडलं’ हे दोन शब्द वाचले की तुमच्या काळजात काय होत असेल ते कळतं. पण मध्यरात्री कुणीतरी फॉरवर्ड केलेला मेसेज आणि प्रशासनाचा इशारा यांत फार अंतर आहे. रात्री दोनदाच बघा, झोपण्याआधी आणि भरतीच्या वेळेला, आणि तेही सरकारी सूचनाच. बाकीचे ग्रुप पावसाळाभर आवाज बंद करून ठेवा.

आता शरीराकडे वळते. तुमच्या पत्रातल्या मुंग्यांवर मी थांबले. घाबरल्यावर माणूस भरभर, छातीच्या वरच्या भागातून श्वास घेतो. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, आणि मग बोटांना, ओठांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. तेवढ्यात कुणीतरी प्रेमाने म्हणतं, ‘दीर्घ श्वास घे, अजून घे.’ आधीच जास्त घेतलाय, त्यात भर पडते! हा सल्ला मीही पूर्वी लोकांना सरसकट दिलाय, आणि काहींची घालमेल त्याने वाढलेली बघितली आहे. तेव्हापासून मी श्वास घ्यायला सांगत नाही, सोडायला सांगते.

मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा. श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना संथ होतात. लक्ष दिलं तर बऱ्याच जणांना हे बोटांखाली जाणवतं. मेंदूपासून हृदयापर्यंत, पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची मज्जातंतू श्वास सोडताना हृदयाला आवर घालते. तुमच्याकडे हा आवर जन्मापासून आहे, फक्त तो श्वासाच्या सुटण्यात आहे.

आणि आपल्या भाषेत त्याला चांगला शब्दही आहे: सुस्कारा. माझी आजी तिन्हीसांजेला कुणी सुस्कारा टाकला की रागवायची, घरात अवदसा येते म्हणायची. पण फुप्फुसातले मिटू लागलेले बारीक फुगे पुन्हा उघडावेत म्हणून शरीर आपल्या नकळत दर काही मिनिटांनी सुस्कारा टाकतच असतं. हुंदके देऊन रडलेलं मूल शांत होताना कसं करतं आठवा. श्वास दोन टप्प्यांत आत ओढतं आणि मग लांब सोडतं. तेच आपण जाणून करायचं. नाकाने सावकाश श्वास घ्या, भरत आला की त्यावर अजून एक छोटा घोट घ्या, आणि मग तोंडाने, गरम चहावर फुंकर घालतो तसा, संपेपर्यंत सोडा. पुढच्याची घाई करू नका. तो आपोआप येतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२३ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांनी महिनाभर रोज पाच मिनिटं हे सुस्कारे टाकले, आणि शांत बसून ध्यान करणाऱ्यांपेक्षा त्यांचं मन जास्त उल्हसित झालेलं आढळलं. तुम्हालाही पाच मिनिटं पुरेत. वेगळा वेळ काढायला गेलात तर तो मिळणार नाही, म्हणून ते कामालाच जोडा. सकाळी दुकान उघडून मशीनला तेल घालण्याआधी पाच मिनिटं. मग दिवसात जेव्हा जेव्हा बॉबिन भरायला घ्याल तेव्हा तीन सुस्कारे. डोकं हलकं वाटलं तर थांबा, नेहमीसारखा श्वास चालू द्या.

ध्यानाबद्दल मनात अपराधीपण ठेवू नका. डोळे मिटून गप्प बसल्यावर काही माणसांची बेचैनी वाढते, हे तज्ज्ञांना चांगलं ठाऊक आहे. ज्यांनी काही भयंकर अनुभवलंय त्यांच्यात तर हे वारंवार दिसतं. बाहेरचं बघणं बंद झालं की आतलं दिसायला लागतं, आणि तुमच्या आत अजून पाणी आहे. तेव्हा सध्या डोळे उघडे ठेवा आणि हातांना काम द्या. तुमच्या हातात तर विद्याच आहे. तुरपाई घ्या, सुती कापडाची, जरा लांबलचक काठाची. सुईची थंडी, दोऱ्याचा ताण, कापडाचा पोत यांवर लक्ष ठेवा, ते सुटलं की पुन्हा टाक्यावर आणा. ध्यानात याहून वेगळं काही करत नाहीत.

पावसाच्या रात्रीसाठी एक गोष्ट खास सांगते. जाग आली की चप्पल न घालता दोन्ही पाय लादीवर टेका. तळवे नीट दाबा आणि ओठांतल्या ओठांत म्हणा: लादी कोरडी आहे. तुमच्या मेंदूला त्या क्षणी याच बातमीची गरज असते, आणि ती डोक्याने सांगून पटत नाही, पायांनी कळवावी लागते. मग खोलीतल्या पाच वस्तूंवर नजर फिरवा, त्यांची नावं घ्या. मग सुस्कारे. धडधड फारच असेल तर तोंडावर गार पाण्याचा हबका मारा किंवा ओला रुमाल डोळ्यांवर-गालांवर धरा, त्यानेही ठोके मंदावतात. पाण्याचा स्पर्श तुम्हाला त्या रात्रीची आठवण करून देत असेल तर मात्र हे सोडून द्या.

शिवणाऱ्या बायकांचे खांदे कानांकडे चढलेले असतात, तुमचेही असणार. दिवसभर ताठ राहिलेला स्नायू रात्री सैल कसा होतो हे विसरून जातो. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२० च्या दशकात यावर साधी युक्ती काढली: सैल सोडायचं असेल तर आधी मुद्दाम आवळा. खांदे वर उचलून पाच मोजेपर्यंत घट्ट धरा, मग एकदम सोडा आणि पंधरा-वीस मोजेपर्यंत त्या सैलपणाकडे लक्ष ठेवा. मग मुठी, जबडा, पोट, मांड्या, पोटऱ्या. दुखरी मान असेल तर तिथे जोर लावू नका. पहिले आठ दिवस काहीच वाटणार नाही, आणि एके दिवशी दुपारी मशीनवर बसल्या बसल्या लक्षात येईल की खांदे पुन्हा चढलेत. हे लक्षात येणं हीच कमाई.

त्यानंतर शवासन. सगळ्यांना ते सोपं वाटतं म्हणून त्याला कुणी किंमत देत नाही. हठप्रदीपिकेत ते श्रम हरणारं, चित्ताला विश्रांती देणारं म्हटलं आहे. आपल्या मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचे परिणाम १९६९ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापले. बऱ्याच जणांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधंही कमी करता आली. त्या काळी असं काही डॉक्टरने तपासून बघणं नवलाचं होतं, मला त्यांचं फार कौतुक वाटतं. तुम्ही ते दुपारी जेवणानंतर दुकान बंद असतं तेव्हा करा, दहा मिनिटं, दार उघडं, डोळे अर्धे उघडे आढ्याकडे. पाठीवर उताणं पडून असुरक्षित वाटलं तर कुशीवर. आसन बिघडतं का याची चिंता नको.

संध्याकाळी दिवा लावल्यावर सासूबाई रामरक्षा किंवा हरिपाठ म्हणत असतील तर त्यांच्याबरोबर म्हणा, भरभर न म्हणता त्यांच्या वयाच्या लयीत. लांब ओळ एका श्वासात म्हणायची तर श्वास सावकाशच सोडावा लागतो. इटलीतल्या संशोधकांनी २००१ मध्ये ख्रिस्ती लोकांची लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र या दोन्हींची तपासणी केली. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर येत होता, आणि त्याबरोबर हृदयाची लयही सुधारत होती. श्रद्धेचं बळ ज्याला मिळतं त्याला मिळतंच, पण ज्याचा विश्वास नाही त्यालाही श्वासाचा हा लाभ होतो. नुसती भ्रामरी, भुंग्यासारखा हुंकार, केलीत तरी चालेल. पाऊस वाजत असताना हुंकार उपयोगी पडतो, कारण कानात आपलाच आवाज भरतो.

आणि घरात काशाची वाटी असेल तर ती फडताळातून बाहेर काढा. रात्री तळपायाला थोडं खोबरेल किंवा तूप लावून दहा मिनिटं वाटी फिरवा. तेल काळं झालं की उष्णता निघाली म्हणतात, त्यावर मी काही बोलणार नाही. पण दुसऱ्याच्या हाताने संथपणे तळवे चोळले गेले की झोप जवळ येते, हे मी माझ्या आईच्या हातून अनुभवलंय. मुलीकडून करून घ्या, मग तिचे तळवे तुम्ही करा. तीही त्या गच्चीवर होती.

आता खाण्यापिण्याचं. अश्वगंधा चूर्ण परत करा. तुम्ही थायरॉइडची गोळी घेता, आणि अश्वगंधा थायरॉइडच्या पातळीत ढवळाढवळ करू शकते. यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, असं समजून माणसं फसतात. जायफळाचंही तेच. दुधात चिमूटभर ठीक, चमचाभर घेतलं तर विषबाधा होते. जायफळ घातलेली रात्रीची कॉफी प्यायची सवय असेल तर ती मोडा. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही अंगात असतं. चहा दुपारी चारनंतर नको, हे एवढं एक कराच.

डॉक्टरांकडे एकदा जायला हवंय, आणि ते या महिन्यात. थायरॉइडच्या गोळीचा डोस थोडा जास्त झाला तरी अशीच धडधड, अशीच झोपमोड होते. टीएसएच तपासा, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासा, एक ईसीजी काढून घ्या. मग रात्री धडधडलं तर ‘हृदय बघून घेतलंय’ असं स्वतःला खरेपणाने सांगता येईल. आणि छातीतली कळ जबड्याकडे, हाताकडे जायला लागली, घाम फुटला किंवा चालताना दम लागला, तर सुस्कारे टाकत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आणखी एक सांगते, यात कमीपणा मानू नका. पाणी पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणं, आवाजाने दचकणं, दरवर्षी भीती आधीच सुरू होणं, हे आघातानंतरच्या ताणाचं रूप असू शकतं. मी वर सांगितलेल्या उपायांनी त्यातलं बरंच सुसह्य होईल. पण मुळाशी जायला प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक लागतो. त्यासाठी खास उपचारपद्धती आहेत आणि त्यांचा गुण येतो. पावसाचा आवाज दिवसा, हलक्या आवाजात मोबाइलवर लावून हळूहळू सवय करणं हाही त्यातलाच प्रकार. तो एकटीने करू नका, त्यांच्या देखरेखीखाली करा. केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन २०२२ पासून चालू आहे: १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटलं तर रात्रीचे तीन वाजलेले असोत, हा नंबर लावा आणि घरातल्या कुणाला तरी उठवा. गोळ्यांबद्दल म्हणाल तर काही झोपेच्या गोळ्यांची सवय लागते, हे खरं आहे. चिंतेवरची सगळी औषधं तशी नसतात. डॉक्टरांनी काही दिलं तर ‘याची सवय लागेल का, किती दिवस, बंद कसं करायचं’ हे तिथेच विचारा. आपल्या मनाने सुरू करू नका, आपल्या मनाने बंदही करू नका.

हे सगळं एकदम नको. पहिला आठवडा फक्त सुस्कारे आणि चारनंतरचा चहा बंद. मग खांदे, मग शवासन. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जा. जुलैच्या एखाद्या रात्री पुन्हा धडधडेलच, पण चारदा उठायच्या ऐवजी दोनदा उठलात, तासाऐवजी वीस मिनिटांत पाठ टेकलीत, तर ते लिहून ठेवा. मला वहीच्या पानाचा फोटो पाठवलात तर फार आनंद होईल.

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा वाचली. पावसाळाभर रोज रात्री हे तिन्ही मशीन उचलून फळीवर ठेवतात. ताई, जो माणूस म्हणतो ‘अजून काय तेच’, त्याचे हातही विसरलेले नाहीत. आणि अजून एक. गच्चीवर सासूबाई होत्या, मुलगी होती, तुम्ही होतात. त्या वेळी हे कुठे होते, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कदाचित तुम्ही त्यांना कधी विचारलंही नसेल, आणि आपणहून सांगणाऱ्यातले ते दिसत नाहीत. मिरग लागल्यावर पहिल्या रात्री दुकान बंद करताना मशीनची एक बाजू तुम्ही धरा. फळीवर ठेवून झालं की त्यांना विचारा.